रूढी मोडून पाहिली म्हणजे काय दिसते?

कुंभाराकडून मडके घेताना आमच्या बायाबापड्या त्याला टिचकी मारून पाहतात. खणखणीत वाजले तर घेतात, बद्द वाजले तर खाली ठेवतात. बैल घ्यायचा तर शेतकरी त्याचे दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. घरचे बियाणे पेरायचे तर मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवतात ते मोजतो. चार पैशांच्या मडक्याची आणि मूठभर बियाण्याची एवढी पारख करणारा आमचा समाज, ज्या चालीरीतींच्या हाती आपली सारी जिंदगी देतो, त्यांची पारख मात्र कधी करीत नाही. बापाने केले म्हणून मुलगा करतो, सासूने सोसले म्हणून सून सोसते. ही रूढी पक्की आहे की पोकळ, ती कोणाच्या बळावर उभी आहे, हे विचारण्याची कोणाची छाती होत नाही.

रूढीलाही टिचकी मारता येते. ती टिचकी म्हणजे रूढी जाणूनबुजून, उघडपणे, चारचौघांच्या समक्ष एकदा मोडावी आणि मग कोण काय करतो ते शांत चित्ताने पाहावे. कोण ओरडतो, कोण गप्प राहतो, कोण पानावरून उठतो, कोण रात्री गुपचूप येऊन ‘बरे केले’ म्हणतो आणि कोणाचे काय बुडते, हे सारे नीट पाहिले म्हणजे त्या रूढीचे खरे रूप कळते. नुसत्या वादविवादाने ते कळत नाही. वादात जो तो शास्त्राचे नाव घेतो. रूढी मोडली म्हणजे प्रत्येकाच्या पोटातले बाहेर येते.

ही परीक्षा आजची नाही. ज्या अजिंठ्याच्या लेण्यांसाठी सारे जग आमच्या सोयगाव तालुक्यात येते, त्या लेण्यांत ज्या बुद्धाची चित्रे आहेत, त्याच्या संघात ही परीक्षा फार पूर्वी झाली होती. शाक्य कुळातील राजपुत्र भिक्षू व्हावयास निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच बुद्धाला विनंती केली, की उपालीला आमच्याआधी दीक्षा द्या. म्हणजे तो आमच्याहून ज्येष्ठ ठरेल, आम्हाला त्याच्या पाया पडावे लागेल आणि आमचा कुळाचा ताठा उतरेल. बुद्धाने तसेच केले. ज्याने काल हजामत केली, त्याच्यापुढे राजपुत्रांचे मस्तक वाकले. हा उपालीच पुढे संघाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार गणला गेला. लेणी पाहून परतणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनी चित्रांच्या रंगांबरोबर ही गोष्टही घरी न्यावी. पुढच्या विवेचनात ती आम्हाला कामी पडणार आहे.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. महाराष्ट्रात रूढीला टिचकी मारून लोकांची गंमत पाहण्याचा सर्वांत गाजलेला प्रकार १८९० साली पुण्यास घडला. तो करणारे गृहस्थ गोपाळराव जोशी. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे हे पती. आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवून आल्या आणि १८८७ साली वारल्या. गोपाळरावांचा स्वभाव मोठा विक्षिप्त. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. व्याख्यान झाल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता हाती घेतला, कोणी तो तसाच राहू दिला. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा तो! पुढे गोपाळरावांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि आपण बाजूस उभे राहून काय होते ते पाहू लागले.

मग काय झाले? सनातनी मंडळी खवळली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. कोणी किती घोट घेतला, पेल्याला ओठ लागला की नुसता हात लागला, याचा काथ्याकूट चालला. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी आधी प्रायश्चित्त नाकारले होते. पुढे १८९२ साली त्यांनीही ते घेतले. मित्रांच्या घरची अडचण दूर व्हावी म्हणून त्यांनी ते केले, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते. ज्यांच्या बुद्धीपुढे सरकारही दबकून असे, जे त्या वेळी दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याखाली स्पेशल जज्ज होते, त्यांना एका पेला चहापायी प्रायश्चित्तास बसावे लागले!

वाचकहो, ही हकीकत वाचून नुसते हसू नका. तीतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली ही, की धर्म बुडाला तो चहा पोटात गेला तेव्हा नव्हे; तो बुडाला नावे छापून आली तेव्हा! चहा पिऊन ही मंडळी घरोघर गेली, जेवली, झोपली, देवपूजेला बसली. कोणाच्या देवाने पूजा नाकारली नाही, कोणाच्या घरचे अन्न विटले नाही. बोभाटा झाला तेव्हा विटाळ झाला. म्हणजे हा विटाळ चहात नव्हता, चार लोकांच्या जिभेवर होता. आमच्या गावांतही असेच चालते. अंधारात कोणी कोणाच्या हातचे खातो ते सर्वांना ठाऊक असते आणि चालते. दिवसा, पंगतीत खाल्ले की जात जाते. जी रूढी अंधारात मोडलेली चालते आणि उजेडात मोडलेली चालत नाही, ती पाप-पुण्याची नव्हे, लोकलाजेची आहे.

दुसरी गोष्ट ही, की शिक्षा करणाऱ्यांच्या हातात शस्त्र कोणते होते ते पाहा. तलवार नव्हती, तुरुंग नव्हता. शस्त्र एकच : ‘तुमच्या घरी मुंज, लग्न, श्राद्ध करायला आम्ही येणार नाही.’ आमच्याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथ महाराजांवर हेच शस्त्र चालविले गेले, अशी परंपरेची गोष्ट आहे. श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना वाढले, तेव्हा ब्राह्मणांनी त्यांच्या घरी पाऊल ठेवण्यास नकार दिला. एकनाथ महाराज १५९९ साली गेले. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनीही शस्त्र तेच आणि ते लागतही होते तसेच. ज्याच्या घरच्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, तो कितीही विद्वान असला तरी रात्री दाराबाहेरच उभा राहणार!

ही किल्ली परत आणण्याचे काम पुण्याच्या विद्वानांनी केले नाही. ते माळी, कुणबी, मराठा, शिंपी, न्हावी अशा साध्या घरांनी केले. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट यांचे लग्न भटजीवाचून लागले. ओतूर येथे १८८४ साली बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरची लग्ने अशीच लावली. त्या वेळी गावजोशाने काय केले? देवाकडे गाऱ्हाणे नेले नाही. आपली दक्षिणा बुडाली म्हणून त्याने कोर्टात फिर्याद केली! खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. टिचकी मारल्याबरोबर मडके कसे बोलले पाहा. लग्न धर्माने झाले की नाही, हा वाद बाजूला राहिला. पैशांचे काय, एवढाच प्रश्न उरला.

पुढे १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदाच झाला, की ज्याला विधीस बोलाविले नाही, त्याला त्या विधीची दक्षिणा हक्काने मागता येणार नाही. आमचे सोयगाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. हा कायदा डोंगरापलीकडे नव्हे, शेजारच्या खानदेशात लागू झाला आणि इकडे झाला नाही. आमच्या लेकी जामनेर-पाचोऱ्याकडे दिलेल्या, तिकडच्या लेकी इकडे आलेल्या. काही कोसांच्या अंतरावर एकाच जातीच्या, एकाच देवाच्या, एकाच कुळाच्या लग्नाला दोन निराळे कायदे! जी गोष्ट सरहद्दीची खूण ओलांडली की बदलते, तिला सनातन म्हणणाऱ्यांची आम्हाला गंमत वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रूढी मोडण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. पंचहौदच्या मंडळींना किंमत पडली ती प्रायश्चित्ताची, थोड्या दक्षिणेची आणि बऱ्याच मनस्तापाची. प्रायश्चित्त झाले आणि मंडळी पुन्हा आपापल्या पाटावर बसली. आता दुसरा पेला पाहा. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला, की सरकारी व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले, काठावर मात्र बंद. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. जनावरे जे पाणी पीत होती, तेच पाणी. लगेच आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेला आलेल्या निःशस्त्र माणसांवर लाठ्या चालल्या. जेवण मातीत मिळविले गेले. गावोगाव परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारले गेले. तळे १०८ घागरी पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. खटला उच्च न्यायालयात सुटावयास १९३७ साल उजाडले.

चहाच्या पेल्याला प्रायश्चित्त आणि पाण्याच्या ओंजळीला लाठी! दोन्हीकडे रूढीच मोडली होती. मग शिक्षेत एवढे अंतर का? एकीकडे रूढीच्या माडीवर बसलेले लोक होते. ते एक पायरी खाली उतरले होते, त्यांना हात देऊन वर घेणे सोपे होते. दुसरीकडे माडीखाली दाबलेली माणसे होती. ती उठून उभी राहिली तर माडीच हलणार होती. म्हणून रूढी किती जड आहे हे पाहायचे असेल, तर तिच्यावर बसलेल्याला विचारू नका. तिच्याखाली असलेल्याला विचारा.

आणि येथे आम्हाला आमच्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. महाडास आणि महाडाच्या वाटांवर ज्यांच्या हातांत काठ्या होत्या, ते सारेच पोथीवाले नव्हते. त्यांत आमच्यासारखे नांगर धरणारे हातही होते. कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली; तीही त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या नोकरमंडळींनीच केली होती. छत्रपतींनी काय केले? मारणाऱ्यांना शासन केलेच. शिवाय गंगारामांना चहाचे दुकान काढण्यास मदत केली आणि भर रस्त्यावर गाडी उभी करून त्यांच्या हातचा चहा मागविला. स्वतः प्याले, बरोबरच्या मंडळींनाही प्यावयास लावला. पंचहौदच्या चहाचा बोभाटा व्हावा लागला. हा चहा मुळातच बोभाट्यासाठी, उजेडात घेतलेला होता. आणि त्यात पहिला घोट राजाचा होता.

गोपाळराव जोशी आणि शाहू छत्रपती यांच्या चहातला हा भेद नीट लक्षात ठेवावा. गोपाळरावांनी दुसऱ्यांची मान सुळावर देऊन गंमत पाहिली. त्यांच्या यादीमुळे सनातन्यांचे ढोंग उघडे पडले हे खरे. पण ज्यांची नावे छापली त्यांच्या घरच्या बायकामुलांना त्रास झाला आणि रूढी जागची हलली नाही. नुसती खोडी काढून रूढी मोडत नसते. परीक्षा पाहणाराने प्रथम आपली मान पुढे करावी. शाक्य राजपुत्रांनी दुसऱ्या कोणाला उपालीच्या पाया पडावयास लावले नाही. आपलेच मस्तक वाकविले. जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी हौद खुला केला तो शेजाऱ्याचा नव्हे, आपल्या घरचा. रूढीतून ज्याला मान मिळतो, त्याने तो मान आपल्या हाताने सोडून पाहावा. खरी टिचकी तीच.

असा मान आमच्या शेतकरी-कारागिरांच्या घरात कोणाला मिळतो आणि कोणाच्या अंगावरून तो ओढून काढलेला असतो? उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरच्या बाईकडे पाहा.

नवरा गेला त्या दिवशी चार बायका मिळून तिचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी उतरवितात. पुढे घरात हळदीकुंकू असले की ती मागच्या खोलीत. लेकीचे लग्न तिने कर्ज काढून, राबून, पोटाला चिमटा घेऊन केले तरी मुलीच्या अंगाला पहिली हळद ती लावू शकत नाही. तिच्या लेकीची ओटी भरायला दुसरी सवाष्ण शोधून आणावी लागते. आमच्या या कापसाच्या मुलखात कर्जापायी गळफास घेतलेल्या शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायका गावोगाव आहेत. सातबाऱ्यावरचे कर्ज त्यांच्या पदरी, बैलजोडी त्यांच्या पदरी, म्हातारी माणसे त्यांच्या पदरी. फक्त हळदीचे बोट त्यांच्या पदरी नाही. कापूस वेचताना तिचा हात चालतो, निंदताना चालतो, शेण काढताना चालतो, पंगतीच्या भाकरी थापताना चालतो. हळद लावतानाच तो हात अशुभ कसा होतो? ही रूढी कोणा भटजीने येऊन रोज चालविलेली नाही. ती आमच्याच माजघरात, आमच्याच आयाबहिणींच्या हातून आणि आमच्या पुरुषांच्या मुक्या संमतीने चालते.

या रूढीलाही आमच्यातल्याच लोकांनी पूर्वी टिचकी मारून पाहिली आहे. त्याच १८९० साली, पुण्यात चहाचे प्रकरण घडण्यापूर्वी काही महिने, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बंधूंची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरविले. कोणाचे शास्त्र, कोणाची आज्ञा, याचा वाद त्यांनी घातला नाही. वस्तरा आमचा आहे, तो चालणार नाही, इतकेच ते म्हणाले. रूढी कितीही मोठी असली तरी शेवटी तिला कोणाचा तरी हात लागतो. तो हात थांबला की रूढीला पाय नसतात.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. दत्तक पुत्र यशवंत यांनी टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. प्रेत दारात आणि वाद टिटव्याचा! तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवे स्वतः हाती घेतले आणि नवऱ्याच्या अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या. ज्या दिवशी रूढी बाईला कोपऱ्यात बसविते, त्याच दिवशी ही बाई भर रस्त्याने सर्वांच्या पुढे चालली. पाहणाऱ्यांनी काय केले? मागे चालू लागले! दुसरे काय करणार होते? पुष्कळ रूढींचा शेवट असाच होतो. कोणीतरी ठामपणे पुढे पाऊल टाकावे लागते. मग हरकत घेणाऱ्यांचा आवाज गर्दीत कुठे विरून जातो ते कळत नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्याल, तर नवी ऐका. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की आमच्या गावात नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद. शाहू छत्रपतींच्या निधनाला त्याच आठवड्यात शंभर वर्षे पुरी होत होती. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही असे करावे म्हणून परिपत्रक काढले आणि अनेक गावांनी ठराव केले. ठराव चांगलाच आहे. पण महाडचे तळेही कागदावर तीन वर्षे खुले होते, हे विसरू नका. ठराव म्हणजे बियाणे. उगवण पाहायची ती मातीत. ग्रामपंचायतीच्या वहीत ठराव आहे आणि माजघरात मोलकरणीसारखी विधवा उभी आहे, असे असेल तर तो ठराव अजून पेरलेलाच नाही.

तेव्हा सोयगावच्या आणि आसपासच्या घरांना आमची सूचना अशी. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे आणि आई, आजी, काकू, वहिनी यांपैकी कोणी विधवा आहे, त्यांनी नवरीला वा नवरदेवाला पहिली हळद तिच्या हातून लावावी. आधी तिला विचारावे. तिच्या मनाविरुद्ध, तिला पुढे ढकलून, आपल्या सुधारकीची शोभा करू नये. ती तयार असेल तर हे काम लपूनछपून, पहाटेच्या अंधारात करू नये. मांडवात, वाजंत्री चालू असताना करावे. सुरुवात घरच्या सवाष्णींनी करावी. ज्यांचा मान आहे त्यांनी ‘आधी जाऊबाई, मग मी’ म्हणून मागे व्हावे. एका घराने एकट्याने करण्यापेक्षा भावकीतल्या दोन-चार घरांनी एकाच सराईत करावे. म्हणजे एकाच दारावर दगड पडणार नाहीत.

मग डोळे उघडे ठेवून पाहावे. मांडव कोसळतो का? हळद काळी पडते का? कोण नाक मुरडते? नाक मुरडून निघून जाणारे जेवणाआधी जातात की जेवून जातात, हेही मोजावे. त्यावरून त्यांच्या धर्मश्रद्धेची खोली बरोबर कळेल! कोणत्या बायका डोळे पुसतात ते पाहावे. ‘आमच्याकडे पुढच्या महिन्यात आहे, आम्हीही असेच करू का?’ असे कानात कोण विचारते ते पाहावे. आमचा अंदाज असा, की ओरडणारे थोडे निघतील, गप्प राहणारे पुष्कळ निघतील, आणि त्या गप्प राहणाऱ्यांतले निम्मे मनातून तुमच्याच बाजूचे असतील. इतके दिवस ते तुम्हाला भीत होते आणि तुम्ही त्यांना. एकमेकांच्या भीतीवर ही रूढी पोसली गेली.

काही लोक म्हणतील, उद्या मुलीच्या संसारात काही वाकडे झाले तर लोक त्या हळदीला दोष देतील. देतील, यात शंका नाही. पण सवाष्णींच्याच हातून हळद लागलेल्या किती लेकी माहेरी परतल्या, किती विधवा झाल्या, याची मोजदाद कोणी केली आहे? जी विधवा झाली, तिच्या लग्नातही सवाष्णींनीच हळद लावली होती ना? मग ती हळद कुठे गेली? दैवाचा हिशेब करायचा तर वहीची दोन्ही पाने लिहावी. एकच पान लिहिणारा तो सावकार.

काही म्हणतील, भावकी वाळीत टाकील. त्यांना आम्ही सांगतो, की आता पूर्वीचे दिवस राहिलेले नाहीत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालचा कायदा आहे. कोणालाही वाळीत टाकणे हा त्याप्रमाणे गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या जातपंचायतीपुढे आमचे आजे थरथर कापत, तिलाच आता कोर्टापुढे उभे करता येते. तरी कायदा हे शेवटचे हत्यार. ते कोनाड्यात असू द्यावे, पण पहिल्याच दिवशी उगारू नये. रूढी मोडणे म्हणजे शेजाऱ्याचे डोके फोडणे नव्हे. रागावलेल्या म्हाताऱ्याला शिव्या देऊ नका, त्याला पानावर बसवून वाढा. त्याचाही जन्म याच रूढीत गेला आहे. महाडास डोकी फुटली तरी बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही, म्हणूनच कोण रानटी आणि कोण माणूस हे साऱ्या जगाला दिसले. परीक्षा घेणाराच खवळला तर परीक्षा कोणाची झाली ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट. ही परीक्षा एकदा घेऊन थांबायचे नाही. हळदीनंतर हळदीकुंकू, हळदीकुंकवानंतर ओटी, ओटीनंतर पाणवठा. आपल्या घरच्या बाईसाठी एक रूढी मोडली की वेशीबाहेरच्या बाईची आठवण व्हावी. तिचा हंडा आणि आपला हंडा अजूनही निराळ्या ओळीत लागत असतील, तर आपल्या माजघरातली सुधारणा उंबऱ्यातच अडली म्हणावयाची. अस्पृश्यता घटनेने १९५० सालीच रद्द केली. ती मनातून रद्द करण्याचे काम घटनेने आपल्यावर सोपविले आहे.

पुण्याच्या मंडळींना चहाच्या पेल्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले, कारण त्यांच्या घरच्या कार्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती. आमच्या विधवा लेकीसुनांच्या मानाची किल्ली कोणा शास्त्र्याच्या हाती नाही. ती तुमच्या-आमच्या घरच्या हळदीच्या वाटीत आहे. ती वाटी या सराईत कोणाच्या हाती देता, ते आम्ही पाहणार आहोत. आणि ज्या घरांतून ती खऱ्या मालकिणीच्या हाती जाईल, त्या घरांचे अभिनंदन आधीच करून ठेवतो.